डिंक म्हणून हिणवलेलं कोलॅजन

भाजून काढलेल्या मालात सेंद्रिय काही शिल्लक राहिलं, तर आम्ही सिरॅमिकवाले त्याला दोष म्हणतो. कच्च्या मालाला आकार धरण्यापुरता बाइंडर घालायचा आणि भट्टीत तो पुरता जाळून टाकायचा. कृत्रिम हाडाबद्दलही माझं मत याच शिस्तीतलं होतं. हाडात वजनानं सुमारे दोन तृतीयांश खनिज. मग ते खनिज, म्हणजे हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइट, जितकं शुद्ध आणि घट्ट भाजलेलं, तितकं उत्तम. हाडातलं प्रथिन, कोलॅजन, म्हणजे नुसता डिंक!

वास्तविक पुरावा स्वयंपाकघरातच होता. कोंबडीच्या तंगडीचं हाड व्हिनेगरमध्ये मुरू दिलं की खनिज विरघळतं आणि उरलेलं हाड वाकतं, पण तुटत नाही. तेच हाड पांढरं होईपर्यंत जाळलं, तर आकार कायम राहतो आणि चिमटीत धरताच भुगा होतो. ठिसूळ हाडांच्या आनुवंशिक आजारातही बिघाड बहुतेकदा कोलॅजनच्या जनुकात सापडतो.

तरी मला हलवलं ते बर्कलीच्या रॉबर्ट रिची आणि अँटोनी टोम्सिया यांच्या गटानं 2008 मध्ये केलेल्या कामानं. त्यांनी नमुना घेतला शिंपल्याच्या चकचकीत अस्तराचा. अ‍ॅल्युमिना या सिरॅमिकच्या कणांचा पातळ घोळ एका बाजूनं गोठवायचा. बर्फाचे पापुद्रे वाढताना कणांना मधल्या जागेत रेटतात. बर्फ निर्वातात उडून गेला की कणांचे थर उरतात. ते दाबून, भाजून फटींमध्ये पीएमएमए हे पॉलिमर भरायचं (सांधा बसवताना डॉक्टर जे बोन सिमेंट वापरतात, त्याच जातीचं). दोन्ही घटक ठिसूळच. पण त्यांच्यापासून झालेला पदार्थ फोडायला त्या घटकांच्या 300 पटींहून अधिक ऊर्जा लागते. अ‍ॅल्युमिनाचे विटांसारखे तुकडे एकमेकांवरून किंचित सरकतात, मधला पॉलिमर ताणला जातो आणि वळणं घेता घेता तड्याचा जोर संपतो. कठीणपणा खनिजाचा, चिवटपणा मात्र त्या मऊ थराशिवाय येत नाही, हे मी तेव्हापासून मानतो.

पूर्ण शरण गेलेलो नाही. अ‍ॅल्युमिना शरीरात जिरत नाही, आणि खरं हाड तर पेशी सतत खातात आणि नव्यानं रचतात. त्यासाठी हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइट आणि कोलॅजनच हवं. कोलॅजन भट्टीच्या जवळपासही नेता येत नाही. म्हणजे शरीराच्या तापमानाला, पाण्यातच स्फटिक वाढवायला शिकणं आलं. भट्टीवर पोट भरलेल्या माणसाला हे म्हणणं जड जातं.