नळी, तार, झडप: काही टिपणे

मनगटातली रेडियल धमनी दोन-तीन मिलिमीटरची. लहान चणीच्या बाईची त्याहून बारीकही असते. हृदयात काय करायचं ते नंतर. आधी इथून आत शिरता येतंय का?

*

मापांची गंमत नव्या इंजिनिअरला पहिल्याच दिवशी सांगावी. एक फ्रेंच म्हणजे मिलिमीटरचा तिसरा भाग. पण कॅथेटर बाहेरून मोजतात आणि शीथ, म्हणजे त्याला वाट देणारी बाहेरची नळी, आतून. म्हणजे 'सिक्स फ्रेंच' कॅथेटर 2 मिमीचा; तो ज्या 'सिक्स फ्रेंच' शीथमधून जातो, ती बाहेरून अडीचच्या आसपास. धमनीला पाकिटावरचा आकडा वाचता येत नाही.

*

त्याच सिक्स फ्रेंच गायडिंग कॅथेटरची आतली पोकळी साधारण 1.78 मिमी. उरले 0.22, म्हणजे एका बाजूची भिंत 0.11 मिमी. एवढ्यात तीन थर बसवायचे: आत गुळगुळीत पीटीएफई, मध्ये स्टीलच्या तारांची वीण, वर प्लास्टिक, तेही मागे ताठ आणि टोकाकडे मऊ.

वीण कशाला? डॉक्टरांनी बाहेर पाव फेरा दिला की मीटरभर पुढचं टोक तेवढंच वळावं म्हणून. वीण कमी पडली तर नळी पीळ साठवत राहते. टोक हलत नाही, म्हणून डॉक्टर अजून फिरवतात, आणि मग ते एकदम उसळतं. कोरोनरीच्या तोंडाशी अशी उसळी म्हणजे धमनीचं अस्तर फाटायची भीती. वीण वाढवावी तर नळी ताठ होते, खांद्याजवळच्या वळणात अडते. भिंत जाड करावी तर पोकळी जाते. हे भांडण मिटत नाही. कोणाचं किती ऐकायचं, एवढंच ठरवायचं.

*

डॉक्टर वेर्नर फोर्समन, एबर्सवाल्डे, 1929. स्वतःच्याच दंडाच्या शिरेतून नळी हृदयापर्यंत सरकवली आणि चालत एक्स-रेच्या खोलीत गेला. धाडसाची गोष्ट सगळे सांगतात. मला त्याची नळी जास्त आवडते: मूत्रमार्गासाठी केलेली, दुसऱ्या खात्याची उसनी.

*

माझ्या मते या क्षेत्रातली सगळ्यात देखणी वस्तू म्हणजे इनोउए बलून. जपानी हृदयशल्यविशारद कान्जी इनोउए यांनी तो 1984 मध्ये जगापुढे मांडला. संधिवाती तापाने मिट्रल झडप आवळून बसते. आपल्याकडे हे दुखणं तरुण बायकांत फार दिसतं आणि पुष्कळदा गरोदरपणी उघडं पडतं. जांघेतल्या शिरेतून उजव्या कप्प्यात जायचं, मधल्या पडद्याची पातळ जागा सुईने भेदून डावीकडे शिरायचं, तिथून झडपेत.

धडधडत्या झडपेत फुगा टिकवायचा कसा? साधा फुगा फुगता फुगता निसटतो. इनोउएंनी रबराचे दोन थर आणि मध्ये नायलॉनची जाळी असा फुगा केला, ज्याचा प्रत्येक भाग वेगळ्या ताणाला फुगतो. आधी पुढचा भाग फुगतो. मागे ओढला की झडपेला अडकतो. मग मागचा फुगतो आणि फुग्याचा डमरू होतो, झडप बरोबर त्याच्या कमरेत. शेवटी कमर फुलते आणि चिकटलेल्या पाकळ्या सुटतात. धरून ठेवण्याचं काम हाताकडून काढून वस्तूकडे दिलं.

हाच बलून महाग म्हणून आपल्याकडे निर्जंतुक करून पुन्हा वापरला जातो. पाकिटावर 2 च्या आकड्यावर काट मारलेली खूण असते, ती कोणाला दिसत नाही असं नाही. डिझाइन करणाऱ्याने डोळे झाकून 'एकदाच वापरा' म्हणायचं, की धुवायला सोपी पोकळी द्यायची? मी दुसऱ्या बाजूचा आहे. कायद्याचा सल्लागार पहिल्या.

*

हवा. डाव्या कप्प्यात जाडी शीथ आहे, भुलीत रोगी घोरतोय. प्रत्येक खोल श्वासाला आतला दाब उतरतो. अशा वेळी शीथ आत घालताना वाट रुंद करणारा डायलेटर झटकन ओढला तर मागच्या व्हॉल्व्हमधून हवा आत खेचली जाते. रोगी उताणा असतो, उजव्या कोरोनरीचं तोंड वरच्या बाजूला, म्हणून बुडबुडा बहुतेक तिथेच जातो आणि ईसीजी क्षणात बदलतो. हे थांबवणारा भाग म्हणजे चिरा दिलेली सिलिकोनची चकती. घट्ट केली तर कॅथेटर अडखळतो, सैल केली तर रक्त गळतं, हवा शिरते. रेखाचित्रात ती सगळ्यात कंटाळवाणी दिसते, म्हणून बैठकीत तिच्यावर शेवटी बोलतात.

*

रुआँ, 16 एप्रिल 2002. आलँ क्रिबिए यांनी पहिल्यांदा माणसाच्या हृदयात कॅथेटरने महाधमनीची झडप बसवली. शीथ 24 फ्रेंच, म्हणजे 8 मिमी. रोग्याच्या पायाच्या धमन्या कामाच्या नव्हत्या, म्हणून शिरेतून जाऊन पडदा भेदला. आज काही झडपा 14 फ्रेंचच्या शीथमधून जातात. झडप पुढे सरकेल तिथेच शीथ फुगते आणि मागे पुन्हा आकसते. झडपेइतकीच अक्कल त्या शीथमध्ये आहे. नाव मात्र झडपेचं होतं.

*

चाचणी 37 अंशांच्या पाण्यातच. टेबलावर ताठ वाटणारी नळी अंगाच्या उबेला मऊ पडते, आणि निटिनॉल हा मिश्रधातू तर तापमानावरच चालतो. नळीवरच्या लेपाचे पाण्यात सुटलेले कणही मोजायचे.

*

हँडल. डॉक्टरांची नजर एक्स-रेच्या पडद्यावर असते, हातमोजे ओले, अंगावर शिशाचा एप्रन. रंगाने ओळखायची बटणं इथे निरुपयोगी. फिरवायचं ते खरबरीत, सरकवायचं ते गुळगुळीत, आणि कुलूप अंगठ्याखाली. डावखुऱ्यांचं काय, ते पुढच्या बैठकीत विचारायचं.