चारीत गेलेली गाडी आणि आडनावाचा प्रश्न



गेल्या डिसेंबरात अभ्यासगटातल्या चार पोरांना घेऊन मी बारामतीहून इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीच्या माळावर गेलो होतो. निघण्याआधीच एकाने तोंडावर विचारलं, "दादा, लांडगे-हरणं बघायची हौस खात्यापित्या लोकांची. आपल्याला मोर्चे काय कमी आहेत?"

मी म्हणालो, "गावाबाहेरचा माळ आपल्या आज्या-पणज्यांनीही तुडवलाय, पण मेलेली ढोरं ओढत नेताना. त्याच माळावर आपण एक दिवस नुसतं चालायला गेलो, तर चळवळ बुडणार नाही."

पहाटे निघालो. काटेवाडी, भवानीनगर, लासुर्णे. तुकोबांच्या पालखीचा हाच रस्ता. कालव्यावर धुकं होतं आणि ऊस भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या धुक्यातून अचानक समोर येत होत्या. रस्त्याकडेला ऊसतोड कामगारांच्या कोप्या होत्या, चुली पेटल्या होत्या. पोरांनी काच खाली करून धुराचे, बैलांचे फोटो काढले. गाडी मी थांबवली नाही.

माळावर तीन-चार तास चाललो. गुडघाभर वाळलेलं गवत, मध्येच बाभळी. दूरवर दोन चिंकारा उभे होते, आमची चाहूल लागताच उधळले. लांडगा दिसला नाही. वनखात्याने इथे आणि बारामती तालुक्यातल्या शिर्सुफळला गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली आहे. शेती होत नाही म्हणून अशा माळांना आपल्याकडे सरसकट 'पडीक' म्हणायची सवय आहे. पण मेंढपाळाची मेंढरं, चिंकारा आणि लांडगा याच पडीकावर जगतात. काही उपयोगाचं नाही असा शिक्का जमिनीवर असो की माणसांवर, तो कोण मारतो आणि कोणाच्या सोयीसाठी, हे विचारायला आपण बाबासाहेबांकडून शिकलो आहोत. पोरांशी यावर चांगली चर्चा झाली. खरा धडा मात्र परतताना मिळाला.

अंधार पडत होता. आडरस्त्याने येताना समोरून दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर आला. मागच्या ट्रॉलीला ना दिवा, ना रिफ्लेक्टर. वाट द्यायला मी गाडी कडेला घेतली आणि डावी चाकं चारीत गेली. कोणाला लागलं नाही, पण गाडी हलेना. मोबाईलला रेंज नव्हती.

जवळच्या वस्तीवर ट्रॅक्टर उभा होता. मालकाने चौकशी केली. कुठले? इकडे कोणाकडे आला होता? मग, "आडनाव काय?" मी सांगितलं. तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "ट्रॅक्टरमध्ये डिझेल नाही."

डिझेल खरंच नसेलही. मी कोर्टात काही सिद्ध करू शकत नाही. पण डिझेल आहे की नाही हे सांगायला माझं आडनाव कशाला लागलं? जातीचा आजचा कारभार बराचसा असाच चालतो. शिवी नाही, धक्का नाही, नुसतं डिझेल संपतं.

गाडीकडे परत येताना पोरांना बाबासाहेबांचे दोन प्रवास सांगितले. 1901 साली मसूर स्टेशनावर उतरलेल्या लहान भीमाला जात कळताच गाडीवान मिळेना. शेवटी दुप्पट भाड्यावर एक तयार झाला, तोही गाडी मुलांनी हाकायची आणि आपण पायी चालायचं या अटीवर. 1929 साली चाळीसगावला बॅरिस्टर झालेल्या बाबासाहेबांचा टांगा हाकायला टांगेवाला तयार नव्हता. वस्तीतल्या ज्या माणसाने लगाम धरला त्याला टांगा हाकता येत नव्हता. पुलावर टांगा अडकला, बाबासाहेब फेकले गेले, पाय मोडला. 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये त्यांनी स्वतः हे लिहिलं आहे.

तेवढ्यात मागून एक टायरगाडी आली. उसाच्या वाढ्यांवर नवरा-बायको आणि आठ-नऊ वर्षांची मुलगी. "गाडी फसली व्हय?" एवढाच प्रश्न. त्याने बैल सोडले, मोळ्या बांधायचा दोर आमच्या गाडीला बांधला. बाईने बैलांना हाक दिली, आम्ही पाच जणांनी मागून खांदा लावला. तिसऱ्या झटक्याला गाडी वर आली. पैसे त्याने घेतले नाहीत. त्याने आडनाव विचारलं नाही, मीही त्याला विचारलं नाही.

त्यांनी कोपीवर चहाला नेलं. सकाळी पोरांनी फोटो काढले होते, त्यातलीच ती कोपी. बीड जिल्ह्यातून आलेलं कुटुंब. नवरा-बायको मिळून एक कोयता, दोघांवर मिळून एक उचल. मी मुलीला शाळेचं विचारलं. ती आईकडे बघू लागली. आई म्हणाली, "दादा, गावाकडं तिसरीत हाय. हितं कोण घील?"

मी समाजशास्त्रात एम.ए. केलंय, दहा वर्षं सामाजिक काम करतोय. पण सकाळी त्याच कोपीसमोरून काच खाली करून गेलो होतो. त्या मालकाला माझ्यात फक्त आडनाव दिसलं. मला या माणसांत फक्त दृश्य दिसलं होतं. दोन्ही एक नाही, मान्य. पण माझी चूक दाखवायला दुसरा कोणी येणार नाही, ती मलाच सांगितली पाहिजे.

"हितं कोण घील?" याला उत्तर आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा सोडल्याचा किंवा जन्माचा दाखला नाही म्हणून मुलाला प्रवेश नाकारता येत नाही. स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी पत्रकाची सोय आहे. पुढच्या आठवड्यात ती चार पोरं माझ्यासोबत पुन्हा त्या कोप्यांवर आली. शाळेत न जाणारी अकरा मुलं मोजली आणि जवळच्या शाळेत घेऊन गेलो. दोन चकरा लागल्या, पण नावं लागली.

हंगाम अजून संपलेला नाही. तुमच्या गावच्या शिवारातही कोप्या असतील. हिवाळ्यात फिरायला जरूर जा, माळ आपलाही आहे. फक्त कोपी दिसली की गाडी थांबवा आणि आधी एवढंच विचारा: पोरं शाळेत जातात का?

जय भीम!