वडिलांचे शाईपेन

वडिलांच्या पश्चात त्यांचे एबोनाइटचे शाईपेन माझ्याकडे आले. ते कागदावर खरखरे आणि टोपण लावलेले असूनही रातोरात कोरडे पडे. घरात सर्वांचे मत एकच, नवे घ्यावे. परंतु दर दिवाळीस वहीचे पहिले पान वडील याच पेनाने लिहीत.

निब व तिच्याखालची जीभ रात्रभर साध्या पाण्यात ठेवली. गरम पाणी वर्ज्य, त्याने एबोनाइटचा काळा रंग विटतो. सकाळी पाणी निळेशार झाले होते. ती शाई वडिलांनीच भरलेली. ते मोरीत ओतताना हात क्षणभर थांबला.

खरखर मात्र कायम होती. भिंगातून पाहता निबेचे एक पाते किंचित वर चढलेले दिसले. नखाने हलकेच दाबून ते समपातळीत आणले. निब पॉलिश कागदावर घासा, असे सांगणारे पुष्कळ भेटले. पण टोकावरचा कठीण धातूचा कण झिजला की संपलाच. कोरडेपणाचे मूळ टोपणात होते. केसाएवढ्या चिरेतून हवा शिरे. ती कारागिराकडून बुजवून घेतली.

यंदा वहीवर 'श्री' लिहिला, तेव्हा पेन थोडे डावीकडे कलते धरावे लागले. वडील तसेच धरीत. निब त्याच कोनात झिजली आहे.