मेटाडोरवाली

देगलूरमध्ये तिला नुसती जीप कुणी म्हणत नाही, ‘मेटाडोरवाली’ म्हणतात. अंग महिंद्राचं, काळीज मेटाडोरचं. पुण्याच्या बजाज टेम्पोनं मर्सिडीजच्या परवान्यावर बनवलेलं 2.4 लिटरचं डिझेल इंजिन तिच्या पोटात बसवलंय. 1988 च्या मोटार वाहन कायद्यातल्या कलम 52 मुळं असल्या बदलाला आरटीओची मंजुरी लागते. तिच्या आरसी बुकात ती नोंद आहे. कागद थंड आहेत, तापते ती फक्त हीच.

तिच्या तापण्यालाही रीत होती. हैदराबादच्या हमरस्त्यावर चौथ्या गिअरात सोडा, काटा मधोमध. बाजारात भाजीच्या गाड्यांमागं अडकली की दहा मिनिटांत काटा लालकडं. मे महिन्यात पारा 42-43 वर गेला की बॉनेटवर ओलं पोतं आणि सीटखाली पाण्याचा कॅन, हा तिचा रोजचा सरंजाम. मालकानं मोठा रेडिएटर घातला, थर्मोस्टॅट काढून ठेवला, कॅप बदलली. बाईंचा पारा होता तिथंच.

शेवटी मिस्त्रीनं बॉनेट उघडलं, इंजिन चालू ठेवलं आणि वहीचा एक कागद रेडिएटरच्या जाळीपुढं धरला. मधोमध कागद घट्ट चिकटला. कोपऱ्यात नुसता लोंबला. “पंखा मधलीच हवा ओढायलाय. कडंनं गरम वारं फिरून परत पुढं यायलंय. तेच वारं पुन्हा पुन्हा प्यायली, तर थंड कशी होईल मालक?”

इंजिन बदलताना पंख्याभोवतीचा टोप बसेना म्हणून कुणीतरी तो काढूनच टाकला होता. मिस्त्रीनं पत्र्याचा नवा टोप बेतला. पंख्याची पाती अर्धी टोपात, अर्धी बाहेर. इंजिन हादरतं म्हणून पात्यांच्या टोकाला चौफेर इंचभर मोकळीक. रेडिएटर आणि बॉडीमधल्या फटी ट्यूबच्या रबरी पट्ट्यांनी बुजवल्या, म्हणजे आलेल्या हवेला जाळीतूनच जावं लागेल. जाळीत अडकलेला भुसा आणि किडे इंजिनच्या बाजूनं पाणी मारून पुढं ढकलले. उलट मारलं असतं तर घाण आणखी आत रुतली असती.

बाजारात ती गप्प बसायला लागली. आता हमरस्त्यावर रुसली.

त्याचं कारण बॉनेटच्या बिजागऱ्यांखाली होतं. गरम हवा निघून जावी म्हणून मालकानं मधल्या काळात तिथं वायसर घालून मागची कड उचलून ठेवली होती. गाडी उभी असताना ती युक्ती चालते. वेगात मात्र जीपच्या सपाट, उभ्या काचेवर वारा आपटतो आणि काचेच्या पायथ्याशी दाब वाढतो. बाहेर पडायच्या फटीतूनच वारा आत घुसतो, आणि रेडिएटरमधून येणाऱ्या हवेला पुढं सरकायला जागा राहत नाही.

“वारं आत घ्यायची घाई सगळ्यांला. जायची वाट कुणी करत नाही,” मिस्त्री म्हणाला. वायसर निघाले. पंख्याच्या मागं, बॉनेटच्या पुढच्या भागात, जिथं वेगात दाब कमी असतो, तिथं तिरप्या खाचा पाडल्या. पावसाचं पाणी वायरिंगवर पडू नये म्हणून खाली पन्हळ लावली. सायलेन्सरच्या बाजूला पत्र्याची आड केली. इंजिनखालचा चिखल-पत्रा काढला, कारण खालूनच बरीचशी गरम हवा सटकते. काढलेला थर्मोस्टॅटही परत बसवला. थंडीत इंजिन अर्धकच्चं चालून डिझेल पीत होतं.

आता मेच्या दुपारी ती मुखेडहून भरून येते आणि काटा जागचा हलत नाही. पोतं गेलं, कॅन मात्र राहिला. तो आता प्यायच्या पाण्याचा. तिचा स्वभाव कधीच वाईट नव्हता, तिच्या पोटातली कोंडी वाईट होती. पण मालकाला ते पटलेलं दिसत नाही. परवा त्यानं जाळीपुढं लावायला चार मोठे फॉगलॅम्प आणि कर्णा आणलाय.

मिस्त्रीनं लॅम्प बसवायचे पैसे सांगितले, आणि लॅम्प काढायचेही.