अपशिंगे ते सांगली, व्हाया बसरा

सातारा-कऱ्हाड महामार्गावर एसटी सोडली आणि वडापच्या जीपमध्ये शिरलो. कोंबून भरलेली गाडी, शेतातली आल्याची गोणी पायाशी, आणि ड्रायव्हरशेजारी फौजी क्रॉपवाला एक पोरगा. सुट्टीवर निघालेला. त्याचं आणि माझं गाव त्या दिवशी एकच होतं : अपशिंगे मिलिटरी. हे 'मिलिटरी' टोपणनाव नव्हे, गावाच्या नावाचाच भाग आहे.

पहिल्या महायुद्धात या गावचे 46 जवान मारले गेले, असं गावात सांगतात. इंग्रजांनी त्यांच्यासाठी उभारलेला स्तंभ गावात आहे. मी तिथे रेंगाळलेला पाहून एका निवृत्त सुभेदारांनी हाक मारली, "कुठनं आलासा पाव्हणं? या, च्या घ्या." ओसरीवर भिंतभर फोटो होते, सगळे गणवेशातले. मी विचारलं, "अण्णा, ती लढाई कशासाठी झाली म्हणून सांगायचे हो म्हातारे?" ते हसले. "कशासाठी ते सायबाला ठावं. आमचं म्हातारं म्हनायचं, बसऱ्याला गेलतो."

बसरा! शाळेत आपण शिकलो साराजेव्होतला खून, 28 जून 1914, ऑस्ट्रिया, सर्बिया, जर्मनी. पण मराठा पलटणींचं युद्ध बऱ्याच अंशी इराणी आखाताच्या टोकाला झालं. इंग्रजांच्या आरमाराला अबादानचं तेल हवं होतं आणि तुर्कस्तान जर्मनीच्या बाजूने उतरला होता. नोव्हेंबर 1914 मध्ये तिकडे उतरलेल्या पहिल्या ब्रिगेडमध्येच 117 वी मराठा पलटण होती. पुढे कूत-अल-अमाराला पुण्याची सहावी डिव्हिजन तुर्कांच्या वेढ्यात सापडली. दाणागोटा संपला, घोडे कापले गेले, ते मांस अनेक हिंदी शिपायांनी धर्मापायी नाकारलं, आणि 29 एप्रिल 1916 ला सुमारे तेरा हजारांनी शरणागती पत्करली. कैदेत गेलेल्यांपैकी हजारो परतले नाहीत.

मग आपली माणसं गेलीच का? राजनिष्ठा वगैरे सरकारी कागदांवरची भाषा. माणदेश-खटावकडचा पाऊस ज्याला ठाऊक आहे त्याने हा प्रश्न विचारू नये. तुकड्या-तुकड्याची जमीन, सावकाराचं देणं आणि महिन्याला मनीऑर्डर पाठवणारी पलटण. युरोपातल्या राजांचं भांडण आमच्या कोरडवाहू रानात भरतीचा तंबू होऊन आलं, एवढाच या मुलखापुरता कार्यकारणभाव मला दिसतो.

कऱ्हाडला मिरजेकडची पॅसेंजर मिळाली. शेणोली हे छोटंसं स्टेशन. गाडी थांबते न थांबते. इथे 7 जून 1943 ला तुफान सेनेच्या, म्हणजे भूमिगतांच्या सशस्त्र दलाच्या, पोरांनी सरकारी पगाराचा पैसा नेणारी रेल्वे अडवली. दुसरं महायुद्ध ऐन भरात होतं. हिंदुस्थानला त्यात ओढलं व्हाइसरॉय लिनलिथगोने, 3 सप्टेंबर 1939 ला, इथल्या कुणालाही न विचारता. त्यातून आधी प्रांतिक मंत्रिमंडळांचे राजीनामे, मग 'चले जाव'. त्यात धान्याची टंचाई, महागाई आणि काळाबाजार. गावातला पोटाचा राग आणि स्वातंत्र्याचा राग एकत्र झाला, आणि क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहिलं. न्यायनिवाडा, सावकारांना चाप, कमी खर्चाची गांधी-लग्नं, सगळं भूमिगतांच्या हाती. कॅप्टन भाऊ लाड आणि जी. डी. बापू लाड यांचं कुंडल किर्लोस्करवाडी स्टेशनापासून जवळच आहे. फलाटावरचा चहा मात्र पांचट निघाला.

गाडी कृष्णाकाठच्या उसातून चालली होती आणि डोक्यात तारखा भांडत होत्या. इथे गोऱ्या सरकारची गाडी लुटली जात होती, त्यानंतर काही महिन्यांतच त्याच सरकारच्या मराठा पलटणी इटलीत जर्मनांशी लढत होत्या. जुलै 1944 मध्ये तिकडेच कुलाबा जिल्ह्यातल्या यशवंत घाडगेंना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळवून देणारी झुंज झाली. यातला एक शूर आणि दुसरा गद्दार असं म्हणणारे तेव्हाही होते, आजही भेटतात. मला ते पटत नाही. हिटलर हरणं गरजेचं होतं, आणि त्याला हरवणाऱ्या साम्राज्याने इथून जाणंही तितकंच गरजेचं होतं.

सांगलीत उतरलो तो थेट गणेशदुर्गाकडे. 24 जुलै 1943 ला याच भूमिगत चळवळीतले वसंतदादा पाटील आणि साथीदार इथला तुरुंग फोडून निघाले आणि खंदकात उड्या टाकून पळाले. पाठलागात अण्णासाहेब पत्रावळे गोळीने गेले, दादांनाही गोळी लागली. आज भोवती बाजाराची गर्दी आहे, दुचाकी लावायला जागा नाही.

सांगलीला लोक गणपतीसाठी येतात, भडंग घेऊन परततात. अवश्य घ्या. पण जमलं तर अपशिंग्याचा स्तंभ आणि ही तुरुंगाची भिंत एकाच फेरीत बघा, आणि सोबत शाळकरी मुलं असतील तर त्यांना दोन्हींच्या तारखा शेजारी-शेजारी लिहून घ्यायला लावा.