डब्याचं झाकण

मंडळी, बुटांचं रिकामं खोकं घ्या. झाकण लावून दोन्ही टोकांना धरा आणि ओला टॉवेल पिळतो तसं पिळा. फारसं काही होणार नाही. आता झाकण काढून पुन्हा पिळा. तेच खोकं, तोच पुठ्ठा, पण आता ते लगेच मान टाकतं. गेले दोन महिने मी गॅरेजमध्ये जे करतोय ते सगळं यात आलं. ज्यांना लोखंडाचं वावडं आहे त्यांनी इथेच थांबलं तरी चालेल :)

तर घरी बांधायची ही गाडी म्हणजे 'लोकॉस्ट'. मूळ कल्पना कॉलिन चॅपमनच्या 1957 सालच्या लोटस सेव्हनची. छत नाही, दार नाही, पुढे लांब नाक आणि मागे जेमतेम दोन माणसं. 1996 मध्ये रॉन चॅम्पियन नावाच्या शिक्षकाने अशी गाडी अडीचशे पौंडांत घरी कशी बांधायची याचं पुस्तक काढलं आणि इंग्लंडातल्या कितीतरी गॅरेजांमधून ठिणग्या उडू लागल्या. चॅसी म्हणजे 25 मिलिमीटरच्या चौकोनी नळ्यांचा पिंजरा, नळीची जाडी 1.6 मिलिमीटर. (अडीचशे पौंडांत होते का? त्याबद्दल आमच्या घरी बोलायला बंदी आहे.)

या पिंजऱ्यात सगळ्यात उघडी जागा इंजिनाची. वरून इंजिन आत-बाहेर करायचं म्हणून वर झाकण नाही. एका बाजूने एक्झॉस्टच्या चार नळ्या बाहेर पडतात म्हणून तिथे आडवं-तिरकं काही घालता येत नाही. म्हणजे चार लांब नळ्या आणि मध्ये मोठाले चौकोन. चौकोनाचा स्वभाव आपल्या बाजेसारखा. जमीन कितीही वाकडी असो, बाज चारी पाय टेकते, कारण ती स्वतःच पिळते. बाजेचा तो गुण आहे, गाडीचा नाही. वळणावर चॅसीच पिळायला लागली तर स्प्रिंगा कितीही नेमक्या निवडा, चाक रस्त्यावर कसं बसेल ते स्प्रिंग ठरवत नाही, पिंजरा ठरवतो. इंजिन तिथेच असतं खरं, पण ते रबरावर बसवलेलं. त्याचा आधार धरायचा नाही.

मे महिन्यात आप्पा आले. कोल्हापुरात चाळीस वर्षं फॅब्रिकेशन केलेला माणूस, उसाच्या ट्रॉल्यांपासून शेडच्या कैच्यांपर्यंत. वय अठ्ठ्याहत्तर, व्हिसा सहा महिन्यांचा. लेक आणि मी दोन वर्षं या गाडीवर आहोत, आणि आप्पा परत जायच्या आत त्यांना गावाबाहेरच्या रस्त्यावर एक चक्कर मारून आणायची हे तिने कधीच ठरवून टाकलं होतं. त्यामुळे इंजिन बसवण्याआधी चॅसीची पिळणी मोजायची माझी जुनी योजना घरात कोणालाच आवडली नाही. मोजलं की आकडा येणार, आकडा आला की काम निघणार, आणि ऑक्टोबर कोणासाठी थांबणार नव्हता.

तरी मोजलं. मागची बाजू घट्ट बांधली, पुढची बरोबर मध्यावर एका टेकूवर ठेवली, आडवा बार लावला आणि मध्यापासून दीड मीटरवर 10 किलोच्या सहा तांदळाच्या पिशव्या टांगल्या. म्हणजे साधारण 883 न्यूटन-मीटर. मध्यापासून 350 मिलिमीटरवर डायल गेजचा काटा 3.7 च्या जवळ थांबला. अंशात 0.6. म्हणजे एका अंशाला सुमारे 1,470. मोडणार नाही, पण माझ्या लेकीने वळणावर चालवायची गाडी म्हणून मला तो आकडा आवडला नाही.

आप्पा म्हणाले, "आरं, तीन एमेमचा अँगल मार की सगळीकडनं. काय झोपंल ती?"

इथून आमचं जुंपलं. ट्रॉली मोडू नये म्हणून बांधतात. तिला जाडी लागते, आणि वजन वाढलं तर ओढायला ट्रॅक्टर आहे. ही गाडी पिळू नये म्हणून बांधायची आणि तिचं सगळं सुख हलकेपणात. मी म्हटलं, "आप्पा, तुम्ही शेडची कैची करता तेव्हा जाड नळी घालता की तिरकी?" ते काही बोलले नाहीत. चहा संपवला, खडू घेतला आणि फरशीवर एक्झॉस्टची बाजू काढायला बसले.

त्यांनी काढलं ते माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मोठ्या चौकोनात एक उभी नळी घालून त्याचे दोन भाग करायचे. पुढच्या भागात कर्णावर नळी. मागच्या भागातून एक्झॉस्ट जाणार, तिथे कोपऱ्यांना त्रिकोणी पट्ट्या. "मोठी खिडकी बुजवता येत न्हाई, तर ल्हान कर." दुसऱ्या बाजूला सरळ पूर्ण कर्ण. पुढच्या तोंडालाही एक. आणि एका गोष्टीवर ते अडूनच बसले, की तिरक्या नळीचं टोक सांध्यातच मिळालं पाहिजे. सांधा सोडून नळीच्या पोटात टोक टेकवलं तर ती नळी वाकते आणि सगळी मेहनत वाया. माझी एक नळी चाळीस मिलिमीटर बाजूला होती, ती टॅकवरच त्यांनी काढायला लावली.

वरचं झाकण मात्र काढता-घालता यायला हवं. तिथे कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत बोल्टाचा तिरका बार. बोल्ट आवळताना पोकळ नळी चेपू नये म्हणून टोकांना आरपार बुश वेल्ड केले. भोकं बोल्टाच्या मापाचीच पाडली, कारण भोकात बोल्टाला जागा असली तर बार कामाला लागायच्या आत सगळं हलून झालेलं असतं. ही भोकं आप्पांनी पाडली. वेल्डिंग मी केलं. त्यांचा हात आता थरथरतो, आणि मशीन त्यांनी स्वतःहून माझ्याकडे सरकवलं. त्यावर आम्ही दोघंही काही बोललो नाही.

एकूण साडेचार मीटर नळी, सव्वापाच किलो. पुन्हा तांदूळ टांगला. 0.35 अंश, म्हणजे 2,500 च्या आसपास. लेकीने तिरका बार काढून मोजायला सांगितलं, तेव्हा काटा पुन्हा चांगलाच पुढे गेला. तिने बार परत लावला, मग परत काढला. तीनदा.

या सगळ्यात पाच आठवडे गेले. इंजिन अजून स्टँडवरच आहे. वायरिंग व्हायचंय, ब्रेकच्या नळ्या व्हायच्यात, त्यानंतर सरकारी तपासणी, तिची तारीख कधी मिळेल देव जाणे. ऑक्टोबरपर्यंत चक्कर होत नाही हे लेकीने आजोबांना स्वतः सांगितलं. ते म्हणाले, "मग बसवून तर दाखीव." तेव्हा काल सीट नुसती ठेवली, त्यांना उचलून आत बसवलं (दार नाही!), आणि लेक शेजारी बसली. आप्पांनी एक हात वरच्या नळीवर ठेवला, दुसरा तिरक्या बारपर्यंत पोचतो का बघितलं. पोचला नाही.

मग म्हणाले, मागच्या डाव्या कोपऱ्यातल्या पट्टीचा वेल्ड आतून राहिलाय, तो आज करून घे.