शाळा कुणाची?

शाळा मुलांची आणि घर आईबापांचे, अशी वाटणी आपण केव्हाच करून टाकली आहे. या वाटणीत नुकसान होते ते ज्यांच्या घरात पुस्तक नाही त्यांचे. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच, म्हणून हे मला जास्त जाणवते.

2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात. माझी आई चार घरची धुणीभांडी करते. तीही एक वर्ष माझ्या शाळेच्या समितीवर होती. रजिस्टर घरी येई, ती अंगठा उठवी, रजिस्टर परत जाई. मग मला विचारी, “काय लिहिलं होतं गं त्यात?” सभेला तिला कधी कुणी बोलावले नाही.

म्हणूनच अमेरिकेतील ओकलंड शहराची हकिगत वाचताना मी थबकले. कर्जात बुडालेली तिथली शाळाव्यवस्था 2003 मध्ये राज्य सरकारने ताब्यात घेतली होती. त्याच शहराने 2011 मध्ये आपल्या सर्वच सार्वजनिक शाळा ‘समाजशाळा’ करायचे ठरवले. म्हणजे शाळेतच दवाखाना, शाळा सुटल्यावरचे वर्ग, पालकांसाठी उपक्रम आणि हे सारे जुळवून आणणारा एक स्वतंत्र माणूस. न्यूयॉर्कने 2014 मध्ये अशा 45 शाळांपासून सुरुवात केली. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत तिथल्या समाजशाळांतील गैरहजेरी घटल्याचे दिसले. मला त्याचे नवल वाटले नाही. मूल शाळा बुडवते ते नेहमीच कंटाळ्याने नव्हे. कधी दाढ दुखते, कधी धाकट्या भावाला सांभाळायचे असते. हे विचारायला घरी कुणी गेले, तरच कळते.

पण शाळांची संख्या वाढवत नेणे सोपे नाही. पाटी एका दिवसात लागते. माणसाचा पगार दर महिन्याला द्यावा लागतो. शिवाय निर्णय कुणी घ्यायचे, हा प्रश्न उरतोच. 2023 मध्ये ओकलंडच्या शिक्षकांनी संप केला, तेव्हा पगारवाढीबरोबरच समाजशाळांच्या कारभारात शिक्षक-पालकांना अधिकार हवा, हीही त्यांची मागणी होती. शाळेत पालकांना नुसता प्रवेश पुरत नाही, त्यांच्या शब्दाला वजन हवे, हे त्यांनी ओळखले होते.

आपल्याकडे कायदा आहे, समित्या आहेत, संध्याकाळी कुलूप लागणाऱ्या इमारतीही आहेत. आपल्यापैकी पुष्कळजण उद्या बी.एड. करून शिक्षक होतील. त्यांनी निदान एवढे करावे: अंगठा घेण्यापूर्वी रजिस्टर मोठ्याने वाचून दाखवावे, आणि “तुम्हाला काय वाटतं?” असे विचारून उत्तरासाठी थांबावे. त्याला अनुदान लागत नाही.